महाराजांचा कोळसा

हेदविका आमच्या दोब्रोतीनचीच. चर्चच्या मागच्या गल्लीत विणकराच्या घरात जन्मली, आमच्याच शाळेत पाटीवर अक्षरं गिरवली, आमच्याच तळ्यावर हिवाळ्यात घसरून पुढचा दात पाडून घेतला. तरीही कायद्यानं ती आमची नव्हती. का नव्हती ते सांगायला बसलं की आमचं डोकं अजून फिरतं, पण सांगायला तर हवं.

तिनं लग्न केलं ओंद्रेय गाश्पारिकशी. हा नदीपलीकडचा. खांद्यावर तारेची भेंडोळी घेऊन दर वसंतात यायचा, फुटकं-तडकलं काही आहे का म्हणून गल्लोगल्ली ओरडत फिरायचा, आणि तडकलेल्या मडक्याभोवती तारेची अशी जाळी विणून द्यायचा की मडकं पुन्हा दहा वर्षं चुलीवर चढावं. हेदविकाच्या आईचं एकच मोठं मडकं त्यानं तीन वर्षांत तीनदा बांधलं. बायका म्हणायला लागल्या, अगं, रात्री उठून तूच फोडतेस की काय ते? चौथ्या वर्षी मडकं बांधायची वेळच आली नाही, थेट चर्चमध्ये जायची आली.

आता आमच्या राज्यात कुठं राहिलं म्हणून माणूस तिथला होत नसे. प्रत्येकाला आपली गावकी असायची. ती बापाकडून यायची, आणि बाईला नवऱ्याकडून. ज्या गावाची गावकी त्या गावानं म्हातारपणी, आजारपणात त्या माणसाला पोसायचं. दुसरीकडे तो कुणाला ओझं वाटला, की शिपायाबरोबर त्याला त्याच्या गावी नेऊन सोडायचं. कचेरीत याला ‘शुब’ म्हणत. म्हणजे सरळ सांगायचं तर ढकलणं.

ओंद्रेयची गावकी होती क्रिवा लूकाची, आणि ते गाव हंगेरीत. हंगेरी काय लांब होती? पूल ओलांडला की हंगेरी. राज्य म्हणायला एकच, पण एका छपराखाली दोन चुली मांडलेल्या. मोठी फौज एक, बाहेरच्या देशांशी बोलणारा मंत्री एक आणि महाराज एक. तेच महाराज पुलाच्या अलीकडे सम्राट आणि पलीकडे राजा. बाकी सगळं वेगळं. कायदे वेगळे, संसद वेगळी, नागरिकसुद्धा वेगळे. त्यामुळे लग्नाच्या सकाळी हेदविका चर्चमध्ये शिरली ती दोब्रोतीनची म्हणून, आणि तासाभरानं बाहेर पडली ती परदेशी बाई होऊन. तिला स्वतःला हे कळायलाही वीस वर्षं गेली.

कळलं ते ओंद्रेय गेल्यावर. संसार आजूबाजूच्या खेड्यांत भाड्याच्या खोल्यांतून झाला होता. एक मुलगी झाली, आन्येझ्का, ती चार वर्षांची होऊन गेली आणि तिला आजीआजोबांशेजारी दोब्रोतीनलाच पुरलं. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या शरद ऋतूत ओंद्रेय रस्त्यावरच तापानं वारला. हेदविका आपलं गाठोडं घेऊन परत आली आणि कातडी कमावणाऱ्याच्या अंगणात एक खोली घेतली. खोली नोंदवली तो दिवस सेंट लुसीचा, तेरा डिसेंबर. नोंदीच्या चिठ्ठीवर कारकुनानं लिहिलं, ‘हंगेरीची रहिवासी’. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, अहो, माझ्या बापाचा माग अजून त्या गल्लीत आहे. कारकून म्हणाला, बाई, बापाचं काय घेऊन बसलात, नवरा कुठला ते बघायचं.

ती म्हाताऱ्या नोटरीचे शर्ट धुवायची. त्या नोटरीनं तिला वाट दाखवली. कायदा बदललाय, तो म्हणाला. सलग दहा वर्षं एका गावात राहा, पण त्या गावाच्या गरीब-फंडातून एक दाणाही घेऊ नकोस. मग गावाला तुला आपलं म्हणावंच लागतं. दोब्रोतीननं एकदा लिहून दिलं की पलीकडचे लोक काय, आनंदानं सोडतील. पण नीट ऐक. एक दाणा घेतलास की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

झालं. त्या दिवसापासून हेदविकाची दहा वर्षं सुरू झाली.

उन्हाळ्यात ती लोकांची धुणी धुवायची आणि हिवाळ्यात घरोघरी पिसं सोलायला जायची. आमच्याकडे मुलीच्या लग्नात गाद्या-उशा द्याव्या लागतात, आणि त्यात भरायचं बदकाचं पीस जसंच्या तसं चालत नाही. मधला दांडा धरून दोन्ही बाजूंचं मऊ मऊ ओढून काढायचं. दहाबारा बायका एका टेबलाभोवती बसतात, दार कुणी उघडायचं नाही, जोरात हसायचं नाही, शिंक आली तर पदराआड. नाहीतर दिवसभराचं काम हवेत. हेदविकाचा हात असा हलका की तिच्यापुढचा ढीग सगळ्यांच्या दुप्पट व्हायचा.

आणि घ्यायचं काही नाही. नाही म्हणजे नाही. पुराच्या वर्षी चौकात गावानं कोबीच्या सूपची कढई ठेवली, अख्खी गल्ली वाडगे घेऊन धावली, ही खिडकीत बसून कोरडा पाव चघळत होती. छातीत कफ झाला तेव्हा सिस्टर लोकांच्या दवाखान्यात फुकट खाट मिळत होती. ही पंधरा दिवस खोलीत पडून राहिली, छातीला भाजलेला कांदा बांधून. फादरनं बदकाची चरबी पाठवली तर तीही परत. फादर रागावले, म्हणाले, ही चरबी देवाची आहे, गावाची नाही. ती म्हणाली, फादर, देवाकडून थेट आली असती तर घेतली असती, पण तुमचा पोऱ्या ती गावाच्या भांड्यातून घेऊन आलाय. गाव हसलं. तिला ‘सम्राटाची मावशी’ असं नाव पडलं. कुठं चाललीस मावशी, महाराजांकडे जेवायला का, असं पोरंटोरंही विचारायची.

चिडवणाऱ्यांना काय ठाऊक, की तिच्या खोलीत खरोखरच महाराजांची तसबीर होती. ओंद्रेयनं आणलेली, पांढऱ्या कल्ल्यांची, काच कोपऱ्यात तडकलेली आणि तिलाही त्यानं तार बांधलेली. ओंद्रेयनं त्यांच्या फौजेत तीन वर्षं काढली होती. ती कधीमधी त्या तसबिरीशी बोलायची. म्हणायची, या एकट्याला मी दोन्हीकडची वाटते.

आठवं वर्ष सरताना तिच्या डोळ्यांपुढे धूर यायला लागला. आधी तिला वाटलं चूल धुमसते आहे. मग कळलं, चूल विझलेली असतानाही धूर आहेच. मोतीबिंदू. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण गावचा डॉक्टर गावाचा पगारी, आणि तो तपासेल तर लिहील, आणि लिहील ते कचेरीत जाईल. काम न होणारी परदेशी बाई, म्हणजे शुब. मग तिनं हे दुखणं लपवायचं ठरवलं.

दोन वर्षं लपवलं. पंपापर्यंत एकतीस पावलं, चर्चपर्यंत दोनशे बारा, मध्ये गटाराची फळी. माणसं ती खोकल्यावरून, बुटांच्या आवाजावरून ओळखायची. धुणं कमी केलं, डाग दिसत नव्हते म्हणून. पिसं मात्र बोटांना दिसायची. कुणी रस्त्यात हात केला आणि हिनं पाहिलं नाही, की बायका म्हणायच्या, मावशीला गर्व चढलाय. ती म्हणू द्यायची. आंधळी म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं परवडलं. एकोणीसशे आठच्या हिवाळ्यात तिच्या दहा वर्षांतले शेवटचे काही आठवडे उरले होते.

आमच्या गावातली माणसं वाईट असती तर एक वेळ परवडलं असतं. ती चांगली होती, पण चांगली आपल्यापुरती. गरीबघरात खोल्या सहा, आणि गेल्या दोन वर्षांत चार परगावच्या म्हाताऱ्या दहा वर्षं भरल्याबरोबर दाखला मागायला आल्या होत्या. कौन्सिलमध्ये कुरकुर सुरू झाली. पाववाला मातोउश म्हणाला, असंच चाललं तर उद्या अर्धी हंगेरी आपल्या सूपावर जगेल. नोटरी असता तर बोलला असता, पण तो मागच्याच वर्षी गेला होता. मग सेक्रेटरी इग्नात्स विमेताल यानं सुचवलं, शांतपणे, चष्मा पुसत. डिसेंबरच्या दोन तारखेला महाराजांना गादीवर बसून साठ वर्षं होतात. त्या निमित्तानं गरीब विधवांना एकेक पोतं कोळसा द्यावा. खर्च गरीब-फंडातून. यादी मी करतो.

इग्नात्स हेदविकाच्याच वर्गातला. तळ्यावर तिचा दात पडला तेव्हा तोच मागून येऊन धडकला होता. त्यानं यादी केली. अकरा पोती, आणि त्यातली सात अशा बायकांना ज्यांची दहा वर्षं येत्या काही महिन्यांत भरणार होती.

एक तारखेला दुपारी पाववाल्याच्या घरी पिसं सोलणं होतं. त्याची बायको बार्बोरा ही हेदविकाची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि घरात धाकटीचं लग्न ठरलेलं. आदल्या दिवशी जेवताना मातोउशनं बायकोला सगळं सांगितलं होतं, वर म्हणाला होता, तोंड बंद ठेव. टेबलाभोवती नऊ बायका. हेदविका खिडकीकडे पाठ करून बसलेली, उजेडाचा तिला उपयोग नव्हताच. ती त्या दिवशी खुशीत होती. कधी नव्हे ते स्वतःहून बोलली. म्हणाली, बारा दिवस राहिले गं. मग डॉक्टरकडे जाईन, मग सूप घेईन, मग तुमच्या गरीबघरात खिडकीजवळची खाट मागेन. तिथून आन्येझ्काचा क्रूस दिसतो म्हणतात.

बायका हसल्या. बार्बोरा उठली, चिकोरीची कॉफी ओतली, अलुबुखाराचा मुरंबा भरलेले पाव मांडले. हेदविकाच्या पुढ्यात दोन ठेवले. पाव फुकट नव्हते, कामाच्या बदल्यातले, म्हणून हेदविकानं खाल्ले. बार्बोराच्या ओठांवर शब्द आले होते. उद्या पोतं आलं तर घेऊ नकोस. एवढंच म्हणायचं होतं. पण नवरा कौन्सिलमध्ये, लेकीचं लग्न तोंडावर, आणि नऊ बायका ऐकत होत्या. तिनं मनाशी म्हटलं, ही कुणाचं काही घेतच नाही, हेही घेणार नाही. आणि ती परत पिसं सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँड वाजला, काळे-पिवळे झेंडे लागले, शाळेच्या मुलांनी चौकात गाणं म्हटलं. मग गावचा शिपाई हातगाडी घेऊन निघाला. प्रत्येक पोत्याला काळी-पिवळी फीत बांधलेली, आणि फितीत महाराजांचं चित्र छापलेला कागद खोचलेला. कातडीवाल्याच्या अंगणात गाडी थांबली. हेदविका दारात आली.

“हे कुणाकडून?” तिनं विचारलं.

“महाराजांकडून,” शिपाई म्हणाला.

“गावाकडून नाही ना?”

“मावशी, आज दिवस कुठला आहे? महाराजांचा. कागदावर त्यांचंच तोंड आहे, बघा की.”

बघता तिला येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, वरून बोट फिरवलं. शिपायाला तिनं वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं वाचलं, महाराजांच्या साठाव्या राज्यवर्षानिमित्त, प्रेमपूर्वक. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, नक्की महाराजांकडूनच? त्या बिचाऱ्या शिपायालाही खरं ठाऊक नव्हतं. तो शपथेवर हो म्हणाला.

तिनं घेतलं. दहा वर्षं ज्या बाईनं देवाची चरबी परत पाठवली, तिनं कोळसा घेतला. तुम्ही म्हणाल, इतकी सांभाळून राहिलेली बाई, इथंच कशी फसली? पण तिच्या बाजूनं बघा. गावाचं घेतलं तर गावावर ओझं. हंगेरीचं काही तिला नकोच होतं. पण महाराज ना या चुलीचे, ना त्या चुलीचे. अख्ख्या राज्यात त्यांच्या एकट्यापुढे ती परदेशी नव्हती. त्यांनी तिची आठवण काढली आणि तिनं नाही म्हणायचं? ओंद्रेय असता तर त्यानं तिला घरात घेतलं नसतं. तिनं सोबतच्या पुस्तकात शिपायानं दाखवलेल्या जागी सही केली, तो बोट धरून दाखवत होता म्हणून बरी आली. दुपारी तिनं शेगडी पेटवली आणि तसबिरीला म्हणाली, खोली छान तापली हो.

लुसीचा दिवस रविवारी आला. त्या दिवशी आमच्याकडे पिसांना हात लावत नाहीत. पांढऱ्या चादरी पांघरलेल्या मुली बदकाचा पंख घेऊन घरोघरी फिरतात आणि कुणी काम करताना सापडली तर बोटांवर मारतात. हेदविका दिवसभर हात मांडीवर ठेवून बसली. सोमवारी सकाळी तिनं लग्नातली शाल काढली, नोंदीची चिठ्ठी रुमालात बांधली आणि कचेरीत गेली. जिना सतरा पायऱ्यांचा होता, तो तिनं मोजून ठेवलेला होता.

इग्नात्सनं तिला खुर्ची दिली. कसं काय, थंडी फार पडली, वगैरे बोलला. तिनं चिठ्ठी पुढे केली.

“सेक्रेटरीसाहेब, दहा वर्षं झाली. सलग. माझा दाखला करून द्या.”

त्यानं चिठ्ठी वाचली, घडी केली, परत तिच्यासमोर ठेवली. मग कपाटातून गरीब-फंडाचं पुस्तक काढलं. आवाज चढवला नाही, कधी चढवायचाच नाही तो.

“दहा वर्षं झाली खरी. पण दोन तारखेला तू फंडातून घेतलंयस, हेदविके. एक पोतं कोळसा. मोजणी तिथंच तुटली. आता दोन तारखेपासून नव्यानं.”

“ते महाराजांनी दिलं.”

“महाराजांच्या निमित्तानं गावानं दिलं.”

तिनं चिठ्ठी परत त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, तू खोटं बोलतोस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला ‘तू’ म्हटलं.

“खोटं कशाला बोलू? ही बघ तुझी सही,” म्हणून त्यानं उघडं पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

आणि इथं तिचा दुसऱ्यांदा घात झाला. गप्प बसली असती, नाही बघायचं मला म्हणाली असती, तरी निभावलं असतं. पुन्हा दहा वर्षं काढली असती तिनं, तेवढी चिवट होती. पण दोन वर्षांची सवय, दिसतंय असं दाखवायची. ती पुस्तकावर वाकली, कोऱ्या समासावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हो, सही माझीच आहे. पण त्यानं मला तसं सांगितलं नव्हतं.”

इग्नात्सनं ते बोट बघितलं. त्यानं हळूच टाक उचलला आणि तिच्या डोळ्यांसमोरून आडवा नेला. तिची नजर हलली नाही.

“किती दिवस झाले?” त्यानं विचारलं.

तिला कळलं. ती उठली, शाल सावरली, आणि जायला निघाली ती दाराऐवजी कपाटाला जाऊन धडकली. एवढी वर्षं जिना मोजला, परतीची पावलं मोजायची राहून गेली होती. इग्नात्सनं तिला हाताला धरून खाली पोचवलं. तो हे मात्र मनापासून करत होता, असं लोक म्हणतात. त्याच आठवड्यात त्यानं वर लिहून पाठवलं, हंगेरीची रहिवासी, उपजीविकेस असमर्थ. वरून हुकूम यायला महिनाही लागला नाही. इतक्या लवकर आमच्या कचेऱ्यांतून दुसरं काही आलेलं आम्हाला आठवत नाही.

फादरनं अर्ज केला, त्याचं उत्तर आलं नाही. बाकी आम्ही काय केलं? हळहळलो. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, मस्त हळहळलो. कुणी म्हणालं, बिचारी. कुणी म्हणालं, पण कायदा आहे ना. आणि घरी जाऊन सूप प्यायलो.

जानेवारीच्या शेवटी तिला न्यायला जंदार्म, म्हणजे सरकारी पोलीस, आला. कागदावर गावाचं नाव होतं ग्योर्बेरेट. ती म्हणाली, हे कुठलं गाव, माझ्या नवऱ्याचं गाव क्रिवा लूका. जंदार्म म्हणाला, पलीकडच्या सरकारनं नावं बदलली आहेत, तेच ते. म्हणजे जे गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं त्याचं नावही आता ओळखीचं राहिलं नाही. तिनं गाठोडं बांधलं. तसबीर घेतली नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवली. कोळसा अर्ध्याहून जास्त उरला होता, तो तिनं अंगणात ओतून टाकला.

गाडीशी आम्ही पुष्कळजण जमलो होतो. बार्बोरा पुढे आली. तिनं एक उशी आणली होती, नवी, गुलाबी कापडाची, चांगली फुगलेली. तिनं ती हेदविकाच्या मांडीवर ठेवली.

हेदविकानं उशीवरून हात फिरवला. मग एका कोपऱ्यात अंगठा दाबून धरला.

“हे कुणाकडून?” तिनं विचारलं.

“माझ्याकडून गं. बार्बोराकडून.”

“ही तुझ्याकडच्या त्या दुपारची पिसं. माझीच आहेत.” तिनं अंगठा उचलला. “बार्बोरा, तुला ठाऊक होतं?”

बार्बोरा म्हणाली, नाही. नवरा मागेच उभा होता, म्हणून नाही म्हणाली, की लाज वाटली म्हणून, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

“मग घेऊन जा,” हेदविका म्हणाली. “फुकट दिलेलं आता मी काही घेत नाही.”

तिनं उशी हातानं चाचपडत गाडीच्या कडेशी नेली आणि सोडून दिली. बार्बोरानं ती चिखलात पडायच्या आत झेलली. गाडी पुलाकडे गेली. पुलावर आमच्या जंदार्मनं तिला पलीकडच्या जंदार्मच्या ताब्यात दिलं, त्याच्या टोपीत कोंबड्याची पिसं होती. दोघांनी एकमेकांच्या कागदावर सह्या केल्या आणि ती गेली.

पुढचं आम्हाला तिकडून मडकी बांधायला येणाऱ्या तारवाल्यांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. क्रिवा लूकात ओंद्रेयचं कुणी उरलं नव्हतं. तिथल्या कारकुनानं तिच्याशी हंगेरियनमध्ये बोलून बघितलं, मग खांदे उडवले. गावानं तिला कायद्याप्रमाणे ठेवून घेतलं, म्हणजे आठवडाभर या घरी, आठवडाभर त्या घरी, गोठ्याशेजारी. लोक गरीब होते पण तिला उपाशी ठेवलं नाही. ती पिसं सोलून द्यायची.

मग लढाई आली, महाराज गेले, राज्य फुटलं. आणि फुटलं ते असं, की आमचं दोब्रोतीन आणि ते क्रिवा लूका एकाच नव्या देशात पडले. पुलावरची चौकी उठली. ज्या नदीसाठी हेदविकाला परदेशी ठरवलं, तिच्यावरून आता कोंबड्या घेऊन बायका बाजाराला येतात आणि कुणी विचारत नाही. इग्नात्स विमेताल नव्या सरकारातही सेक्रेटरीच राहिला. भिंतीवरची तसबीर तेवढी बदलली.

दुसऱ्या वर्षी वसंतात बार्बोरा एकटीच निघाली. मातोउश तोवर वारला होता. उशी तिनं एवढी वर्षं माळ्यावर ठेवली होती, लेकीच्या लग्नात दिली नाही, कुणाच्या डोक्याखाली घातली नाही. ती चादरीत गुंडाळून घेतली आणि दिवसभर प्रवास करून क्रिवा लूकाला पोचली. हेदविकाच्या पायाशी ठेवायची आणि म्हणायचं, मला ठाऊक होतं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

हेदविका एकोणीसशे दहाच्याच हिवाळ्यात गेली होती. एका म्हाताऱ्यानं बार्बोराला कबरस्तानाच्या कुंपणाशी नेलं, तिथं एक लाकडी क्रूस होता. तो म्हणाला, आडनाव आमच्याकडचंच होतं, पण तसे गाश्पारिक इथं ढिगानं आहेत. हिला सगळे एकाच नावानं ओळखायचे, तेच आम्ही लिहिलं. बार्बोरानं वाकून वाचलं. तापवलेल्या खिळ्यानं लाकडावर जाळून कोरलं होतं, दोब्रोतीनची हेदविका.

दाखल्यावर हेच दोन शब्द लिहून मिळावेत म्हणून तिनं दहा वर्षं सूप घेतलं नव्हतं. आम्ही दिले नाहीत. ते ज्यांनी दिले त्यांनी कधी आमचं गाव पाहिलंही नव्हतं.

बार्बोरा उशी तिथं ठेवणार होती, पण पाऊस आला असता तर पिसं भिजली असती. रात्रीच्या गाडीनं ती परत आली, उशी मांडीवर घेऊन.